महानंदाबाईंनी मागितलेलं वाक्य

महानंदाबाई कलशेट्टींनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माफीबद्दल त्यांचं मत वाईट होतं असं नव्हे. मतच नव्हतं. शाकाहारी माणसाला मटणाच्या प्रतीबद्दल नसतं, तसं.

"माफी ही कच्च्या आठवणीच्या माणसांसाठी असते, सेक्रेटरी," त्या मला एकदा म्हणाल्या. "माझी आठवण पक्की आहे."

सेक्रेटरी म्हणजे मी. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या कॉलनीत दरवर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली की व्याख्यानमाला भरते, आणि कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी संपल्यापासून तिचं सेक्रेटरीपण माझ्याकडे आहे. वक्त्याला घरून आणणं, हार घालणं, माइक गप्प झाला की त्याला टिचकी मारणं आणि शेवटी, काहीही ऐकलेलं असलं तरी, 'विचारांची शिदोरी मिळाली' असं म्हणणं, एवढं काम. बाई आमच्या समोरच्या घरात एकट्या राहत. माहेर दुधनीचं. लग्न केलं नाही. कोर्टात कारकून म्हणून लागल्या आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झाल्या. उंची बेताची, पाठ ताठ, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कपाळाकडे बघत, जणू तिथे केस नंबर लिहिलेला आहे.

कोर्टात हयात गेल्यामुळे सूडालाही त्या एक कामकाज समजत. घाई नाही, आरडाओरडा नाही, मागणी मात्र नेमकी. "दाव्याला मुदत असते, अपमानाला नसते," हे एक त्यांचं वाक्य. दुसरं, "जे जिथं बोललं, ते तिथंच मागं घ्यायचं. घरी येऊन सॉरी म्हटलेलं मी धरत नाही." मागितली त्याहून जास्त शिक्षा त्या कधी करत नसत. पण मागितली त्याहून कमीही घेत नसत.

कॉलनीच्या तोंडाशी एक शिंपी होता. त्याने बाईंचा ब्लाऊज असा शिवला की एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी मध्येच थांबलेली. बाईंनी दाखवला तर दुकानातल्या बायकांपुढे म्हणाला, "बाई, तुमचा हातच एक लांब, एक आखूड हाय. त्याला मी काय करू?" बायका हसल्या. बाईंनी ब्लाऊज घडी करून पिशवीत घातला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तोच ब्लाऊज घालून त्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसू लागल्या. येणारी-जाणारी बाई विचारायची, "अय्या, हे कुणी शिवलं हो?" महानंदाबाई किंचित हसून नुसतं बोट करायच्या. दिवाळीच्या तोंडावर शिंपी हात जोडून कट्ट्याशी आला.

"बाई, नवा शिवून देतो. कापड पन माझं."

"ब्लाऊज नको. टेप आण. हात मोज."

त्याने मोजले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"काय आलं?"

"सारखेच हायत."

"मोठ्यानं."

"दोन्ही हात सारखे हायत, बाई!" शिंपी जवळजवळ ओरडला. बाई उठल्या, घरी गेल्या आणि तो ब्लाऊज फरशी पुसायला घेतला. पुढे सगळे ब्लाऊज त्याच्याकडेच शिवले. माफ केलं म्हणून नव्हे. तो आता नीट शिवत होता म्हणून.

अशा या बाईंना कुणासमोर जेवता येत नसे.

घास खाली उतरायचा नाही. घशातून जायचा, आणि छातीच्या हाडामागे कुठेतरी बसकण मारायचा. मग पाण्याचा घोट, थांबणं, पुन्हा घोट. पंगत ताकावर यायची तेव्हा बाई पहिल्या पुरीवर असायच्या. बहीण दुधनीहून कडक भाकरीची चवड पाठवायची, पापडासारखी कुरकुरीत, सोबत शेंगाचटणी. त्या मुलखातल्या माणसाला कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला की बरं वाटतं. बाई ती भाकरी मुसळीने कुटायच्या आणि दुधात भिजवून लापशीसारखी प्यायच्या. दूध हा सगळ्यांचाच सल्ला होता. बहिणीचा, वैद्याचा, माझ्या बायकोचा. घशाला दूध बरं. सकाळी दूध, रात्री दूध, भाकरीत दूध.

कोर्टातले लोक म्हणायचे, कलशेट्टीबाईंना आपल्यात बसून जेवायला कमीपणा वाटतो. बाईंनी तो समज कधी खोडला नाही. "गर्विष्ठ म्हणू देत. दुबळी म्हणायला नको."

एकदा मात्र, ऐन तिशीत, घाबरून त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांकडे.

त्यांचं नाव मी देत नाही. गावात त्यांना सगळे मोठे डॉक्टरच म्हणत. म्हातारे झाले तरी दवाखाना चालू होता, आणि त्याच्या भिंतींवर त्यांना शाल पांघरणाऱ्या माणसांचे फोटो होते. जिथे सत्कार असे तिथे ते सत्कारमूर्ती म्हणून जात, जिथे नसे तिथे अध्यक्ष म्हणून. श्रोता म्हणून त्यांना कुणी पाहिलेलं नाही. हाताला गुण होता, हेही सांगितलं पाहिजे. टायफॉइड, कावीळ त्यांना घाबरून असत. पण ज्या आजाराशी त्यांची ओळख नव्हती, तो आजार त्यांच्या मते नसायचाच.

बाईंच्या घशात त्यांनी दुर्बीण घालून घेतली. दुर्बीण आत गेली, इकडेतिकडे बघून बाहेर आली. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला नाही, कारण वरवर सगळं बरं दिसत होतं. "मनाचं आहे," ते म्हणाले. "लग्न नाही ना झालं? होतं असं. दूध घेत चला." पुढच्या खेपेला त्यांनी बाईंना एक इंजेक्शन दिलं, परदेशी औषध आहे म्हणाले, आणि सिस्टरला भाकरी आणायला लावली. चार माणसं बघत असताना बाईंनी भाकरीचे तुकडे चावून चावून, तांब्याभर पाण्याबरोबर खाली ढकलले. इंजेक्शनमध्ये नुसतं पाणी होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर डॉक्टर चुकले असं म्हणून विषय संपला असता. पण मोठ्या डॉक्टरांना एक गोष्ट मिळाली होती. आमच्या व्याख्यानमालेत त्यांचं दरवर्षी व्याख्यान असे, 'मन आणि आरोग्य'. त्यात सगळ्यात जास्त टाळ्या याच गोष्टीला. बाई कशी आली, मान कशी वाकडी करून घोट घ्यायची (इथे ते अभिनय करत), पाण्याचं इंजेक्शन कसं दिलं, भाकरी कशी फस्त झाली. आणि शेवटी, हात वर करून, "मित्रहो, भाकरी घशात अडकत नाही. भाकरी मनात अडकते!" पुढेपुढे सभागृह हे वाक्य त्यांच्याबरोबरच म्हणू लागलं, आरतीच्या शेवटच्या ओळीसारखं.

नाव ते घेत नसत. पण सोलापूर शहर मोठं असलं तरी गुपितांना लहान पडतं. कोर्टातले ज्युनिअर वकील पाठीमागून विचारायचे, "बाई, मनातली उतरली का?"

आणि बाई दरवर्षी व्याख्यानाला येत. पहिल्या रांगेत बसत. मी एकदा न राहवून विचारलं, "कशाला येता?"

"साक्षीदार हजर पाहिजे की."

मग म्हणाल्या, "भाकरी खाल्लेली त्यांनी बघितली. नंतर मी दवाखान्यामागं सायकल स्टँडवर जाऊन ती सगळी ओकले. ते बघायला कुणी आलं नाही."

माझ्यासमोर त्या विषयावर त्या एवढंच बोलल्या, निवृत्तीनंतर गणपतीच्या जेवणात पुरीचा तुकडा अडकला त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी तो वरही येईना, खालीही जाईना. पाण्याचा घोट परत आला. मग थुंकीही गिळता येईना. माझ्या गाडीत मागे बसून बाई एका प्लॅस्टिकच्या मगात थुंकत होत्या आणि मी हॉर्न वाजवला की खुणेने सांगत होत्या, गोंगाट नको. मी म्हटलं, मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ? बाईंनी हातातला मग माझ्याकडे असा रोखला की मी गाडी दुसऱ्या रस्त्याला घेतली.

तिथल्या हॉस्पिटलात पोटाच्या विकारांची एक नवी डॉक्टर आली होती, श्रीलता. घर विणकरांचं, तेलुगू; वडिलांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग. बाई तिला पुढे लहान डॉक्टर म्हणू लागल्या. तिने दुर्बिणीतून पुरीचा तुकडा काढला, आणि आजवर कुणी न केलेली गोष्ट केली: अन्ननलिकेच्या वरून, मधून, खालून चिमूटभर चिमूटभर तुकडे घेतले. बाई शुद्धीवर आल्यावर तिने पडद्यावर फोटो दाखवला.

"बाई, आमच्या घरात माग आहेत म्हणून मला हे असं दिसतं. ह्या बघा उभ्या चिरा. ह्या आडव्या कड्या. ताणा आणि बाणा. तुमच्या अन्ननलिकेनं टॉवेल विणायला घेतलाय."

"बरा विणलाय का?" बाईंचा आवाज घोगरा होता.

"एक नंबर. म्हणून तर घास अडकतोय."

तपासणीचा निकाल आला. इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात. धूळ, परागकण यांच्यावर चवताळून उठणाऱ्या. शिंका आणि दमा आणणारी हीच मंडळी. अन्ननलिकेत त्यांचं काही काम नसतं. बाईंच्या अन्ननलिकेत त्यांनी छावणी टाकली होती, आणि त्या सुजेने नळी कडक होत, आवळत गेली होती. आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. नाव गिळायलाच पाणी लागावं असं.

"दुर्मिळ आहे," लहान डॉक्टर म्हणाली. "तुकडा घेतल्याशिवाय दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून कुणी तुकडा घेत नाही. तुम्हाला शिंका येतात?"

"कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले की. लोकांना वाटायचं, कलशेट्टीबाई केसला नाक मुरडते."

"लहानपणी दमा?"

"होता."

"मग हा त्याच घरातला."

बाईंनी निकालाचा कागद उलटून मागची बाजूही बघितली. मग विचारलं, "मनाचं नाही?"

"मनाचा तुकडा मी काढलाच नाही, बाई. हा अन्ननलिकेचा आहे."

सोबत आलेली माझी बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. लहान डॉक्टर पुढे सांगत होती. दम्याचं वाफेतून घ्यायचं औषध मधात दाट कालवायचं, काकवीसारखं, आणि हळूहळू गिळायचं, म्हणजे ते नळीला आतून माखत जातं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. मग चूळ. आणि खाण्यातली जी गोष्ट या पेशींना चेतवते ती शोधून काढायची. एकेक पदार्थ बंद करून बघायचा.

"सगळ्यांत आधी दूध बंद. जास्त करून तेच असतं."

"काय बंद?"

"दूध. दही, ताक, पनीर, चहातलंसुद्धा."

तेव्हा बाई हसल्या. शिंप्याच्या दुकानासमोर बसलेल्या असताना हसल्या होत्या तसं.

"दूध त्यांनीच सांगितलं होतं की," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी आगीत तेल वतत होते, आणि तेही त्यांच्या चिठ्ठीवर."

औषध त्यांनी साक्षीची शपथ घ्यावी तशा गंभीरपणे घेतलं. औषधानंतर चूळ होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. मधासारखा पदार्थ तोंडाला लागलेला असताना माणसाने कडू बोलू नये, असं माझं स्पष्टीकरण होतं. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. छावणी उठली होती. एक जागा अजून अरुंद होती. ती फुग्याने हलकेच ताणून मोकळी केली. दुधासोबत बंद केलेले गहू, शेंगा परत घेऊन पाहिले, त्यांचा काही दोष निघाला नाही. गुन्हेगार दूधच होतं.

एका सकाळी बाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या. ताटलीत कडक भाकरी, अख्खी. खुर्ची ओढून बसल्या, भाकरी मोडली, चटणी लावली आणि खाल्ली. पाणी मागितलं नाही. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. कुरुम, कुरुम, कुरुम. शेवटचा तुकडा उतरला तेव्हा मला वाटलं, आता बाई रडतील. त्यांनी पदराला हात पुसले.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तारीख लावू."

मी सुचवलं की दवाखान्यात जाऊन निकाल दाखवावा. बाईंनी ते उडवून लावलं. "बंद खोलीत सॉरी म्हणेल आणि चहा पाजेल. चहात दूध. भाषणात बोललाय, भाषणातच मागं घेऊ दे. 'त्या बाईला आजार होता, मला कळला नाही.' एवढं एक वाक्य पाहिजे मला. जास्त काही नको."

त्या वर्षीच्या व्याख्यानात गोष्ट झाली, टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांना बाई उभ्या राहिल्या. "साहेब, त्या बाईचा आजार तपासणीत खरा निघाला तर?"

मोठे डॉक्टर बाईंकडे, म्हणजे आपल्याच गोष्टीकडे, मायेने बघून हसले. "ताई, मन फार हुशार असतं. ते रिपोर्टसुद्धा काढून आणतं!" सभागृह हशाने कोसळलं. बाई खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. पण बाई घरी जाताना शांत होत्या. "तारीख पडली फक्त," म्हणाल्या.

त्यानंतर एका लग्नात मी ताट घेऊन बाईंच्या शेजारी उभा होतो. हल्ली पंगत नाही, बुफे. बाई समोर बघत म्हणाल्या, "ती बघा. वॉशबेसिनशेजारची जागा धरून उभी आहे. मी कायम तीच धरायचे."

सडपातळ मुलगी होती, बँकेत नोकरीला, नाव मृणाल. पोळीचे तुकडे नखाएवढे करून ती प्रत्येकावर पाण्याचा घोट घेत होती. तिची सासू शेजारणींना सांगत होती, "आमची सूनबाई डाएटवर असते." ती सासू म्हणजे मोठ्या डॉक्टरांची पत्नी.

बाई सरळ गेल्या. "कुटं अडकतं?"

मुलगी दचकली. "काय?"

"घास. कुटं अडकतो? हितं?" बाईंनी स्वतःच्या छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

मृणालचे डोळे भरले. "तुम्हाला कसं कळलं?"

"घरी सांगितलं?"

"बाबांना सांगितलं. मनाचं आहे म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्यात." ती ओशाळून हसली. "मग वर एक गोष्ट सांगितली. भाकरीची."

"ती मीच," बाई म्हणाल्या.

मुलीला काही सुचू द्यायला त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिला लहान डॉक्टरकडे नेलं. तुकडे घेतले. तीच छावणी, तोच टॉवेल. विणायला नुकता घेतलेला, म्हणून लवकर उसवला.

मी बाईंना विचारलं होतं, "हे दयेपोटी चाललंय की सूडापोटी?"

"दया कुणीही करतं, बसल्या जागी. सूडाला कष्ट पडतात," त्या म्हणाल्या. "मुलगी बरी होईल ते होईलच. पण मला त्या माणसाचं तोंड बघायचंय. खोटं कशाला बोलू?"

हेच त्यांनी मृणाललाही सांगितलं, झाकून नाही. "तुझ्या सासऱ्याला मी भर सभेत उभं करणार आहे. तू ये, नको येऊ, तुझी मर्जी. औषधाचा त्याच्याशी संबंध नाही." मृणालने दोन दिवस मागून घेतले. मग घरी निकाल टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर, आणि बाईंना फोन केला. "बाबांनी वाचला, परत ठेवला. नुसते उठून गेले. मी येते."

पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. मोठे डॉक्टर माइकसमोर आले, त्यांना बघितलं आणि चष्मा पुसला. व्याख्यान सुरू झालं. श्वास, झोप, सकारात्मक विचार. भाकरीची जागा आली तशी त्यांनी गाडी थेट सकाळच्या फिरण्यावर नेली. गोष्ट वगळली! ते 'धन्यवाद' म्हणायच्या बेतात होते तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, भाकरीची गोष्ट राहिली की."

मागून लगेच आवाज उठले. "हां, हां, भाकरी! सांगा, साहेब!"

"वेळ झाला आहे," मोठे डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरी या नात्याने मी घड्याळात पाहिलं.

"वेळ भरपूर आहे," मी म्हणालो. ते खरं होतं.

त्यांना सांगावी लागली. मान वाकडी करण्याचा अभिनय नव्हता. आवाज खाली होता. इंजेक्शन झालं, भाकरी झाली, आणि ते थांबले. पण सभागृह कशाला थांबतंय? दोनशे माणसांनी हौसेने वाक्य पुरं केलं: "भाकरी मनात अडकते!" आणि टाळ्या.

टाळ्या ओसरल्या. बाई उभ्याच होत्या.

"आता पुढचं," बाई म्हणाल्या.

"अलीकडच्या संशोधनानुसार," मोठे डॉक्टर म्हणाले, "अशा काही केसेसमध्ये इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अ क्रॉनिक इम्यून मीडिएटेड..."

"मराठीत."

"काय?"

"गोष्ट मराठीत सांगितली होती. हेही मराठीत सांगा."

सभागृहाला आता कुठे कळायला लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही.

"अन्ननलिकेला सूज होती," मोठे डॉक्टर म्हणाले.

"कुणाच्या?"

"त्या बाईंच्या."

"मनाच्या?"

"नाही. अन्ननलिकेच्या." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला, थांबले, पुन्हा घोट घेतला. "त्यांना आजार होता. मला कळला नाही."

बाई बसणार होत्या. त्यांचं वाक्य मिळालं होतं. पण शेजारची खुर्ची सरकली आणि मृणाल उभी राहिली. बाईंनी तिला खुणावलं नव्हतं. बाई चकित झालेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

"आणि मला, बाबा?"

मोठ्या डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "तुलाही," ते म्हणाले. "तुलाही होता. तुझंही मी ऐकलं नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. मी आभार मानले. विचारांच्या शिदोरीचा उल्लेख केला नाही.

इथे ही हकीकत संपायला हवी होती. बाईंनाही तसंच वाटत होतं. पण सोलापुरात मोठ्या माणसाला खाली पाडणं अवघड असतं. तो पडला की लोक त्याला दंडवत समजतात. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात मथळा आला, 'डॉक्टरांच्या प्रांजळपणाने सभागृह भारावले.' आठवड्याभरात एका संस्थेने त्यांना शाल दिली. मग आमंत्रणं सुरू झाली: 'चूक कबूल करण्याचं धैर्य', 'अहंकारावर विजय'. मोठ्या डॉक्टरांना नवी गोष्ट मिळाली होती. तिच्यात बाईही होत्या, सूनही होती, आणि शेवटी डोळे पुसणारे डॉक्टर होते. ती जुन्या गोष्टीपेक्षा जास्त चालली.

"वाक्य मागितलं मी," बाई म्हणाल्या, "आणि त्यानं त्याचं पुराण केलं."

मृणाल आता दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येई. तिचं काही अडत नसे. ती हसून म्हणायची, "सोडा ना, मावशी. दोघी बऱ्या झालो." बाई तिला आणखी एक भाकरी वाढायच्या.

पुढच्या वर्षी समितीने ठराव केला, मोठ्या डॉक्टरांचंच व्याख्यान. मला हार आणावा लागला. त्या उन्हाळ्यात बाई घर विकून दुधनीला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिथेच रमल्या. आमची पुढे भेट झाली नाही. म्हणून मला बाई आठवतात, त्या व्याख्यानाच्या संध्याकाळच्या, पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर.

व्याख्यान रंगलं. शेवटाला येताना मोठ्या डॉक्टरांचा आवाज भरून आला. "मित्रहो, ज्या माउलीनं मला माणूस केलं, ती आज इथे बसली आहे. मी वयानं मोठा आहे. पण आज मी तिच्या पायांवर डोकं ठेवणार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोग्राफर आधीच सांगून ठेवलेला असावा. तो पळत पुढे आला. मोठे डॉक्टर व्यासपीठाच्या पायऱ्या एकेक करून उतरले, हात पुढे करून बाईंसमोर आले आणि वाकू लागले.

बाईंनी चपला सोडल्या, दोन्ही पाय वर घेतले, खुर्चीतच मांडी घातली आणि साडीचा काठ गुडघ्यांभोवती घट्ट खोचून घेतला.

मोठ्या डॉक्टरांचे हात खाली पोचले. तिथे काहीच नव्हतं. ते थोडे डावीकडे चाचपले, थोडे उजवीकडे, आणि शेवटी खुर्चीच्या पायाला धरून थांबले, कारण त्या वयात वाकणं जमतं, उठायला आधार लागतो.

"साहेब, तसंच राहा," फोटोग्राफर म्हणाला. "बाई, पाय जरा खाली सोडा की."

"नाही."

"फोटोपुरतं हो, बाई."

बाईंनी त्याच्याकडेही बघितलं नाही आणि समोर वाकलेल्या पांढऱ्या डोक्याकडेही. टाळ्या थांबत थांबत थांबल्या. त्या शांततेत बाईंनी मान वर करून मला हाक मारली.

"सेक्रेटरी, आभार मानून घ्या. यांचं झालंय."